हापशीवरची हडळ

माझ्या दिराला मी पहिल्यांदा साडी नेसवली तेव्हा तो हसून हसून खाली बसला आणि सगळ्या निऱ्या सुटल्या. दुसऱ्यांदा नेसवताना मीच रागावले. म्हटलं, भाऊजी, हडळ अशी खिदळत नाही, सरळ उभे राहा. साडी माझीच, जुनी हिरवी, पदराला इस्त्रीनं जळालेली. केस सुतळीचे, काळ्या रंगात बुडवून वाळवलेले. तोंडाला मैदा, डोळ्यांखाली काजळ आणि ओठांच्या कडेनं गुलाबी सरबतात कालवलेलं कुंकू. बाहेर भर दुपारचं ऊन रणरणत होतं आणि आम्ही मध्यरात्रीच्या प्रसंगाची तयारी करत होतो.

भुताच्या पिच्चरमधली रात्र मोबाइलात करायची असते, हे मला तेव्हाच कळलं. दुपारी शूटिंग करायचं, मग सगळ्यावर निळा रंग चढवायचा, उजेड कमी करायचा, की झाली अमावास्या. फक्त ऊन लपत नाही. आमच्या पिच्चरमध्ये मध्यरात्री हडळीची काळीभोर सावली हापशीच्या, म्हणजे हातपंपाच्या, ओट्यावर पडलेली दिसते आणि मागून एक शेळी निवांत चरत जाते. लोकांनी त्यावरून आमची यथेच्छ टिंगल केली, आणि ती त्यांनी करावी अशीच होती.

पिच्चर करणारा म्हणजे दिराचा शाळेपासूनचा दोस्त. वरवट बकालला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याची आई गावोगाव बांगड्या भरते, त्यामुळे हडळीच्या हातातला चुडा त्याच्या घरचाच होता. तो मला भाभी म्हणतो. कॅमेरा, संकलन, संगीत, सगळं तोच. कपडेपट माझ्याकडे, कारण मी घरी ब्लाउज शिवते. पुढे गोष्टही माझ्याकडेच आली. आणि हडळ दीर, कारण गावातली एकही मुलगी हडळ व्हायला तयार नव्हती. एकदा हडळ झाली की तिला स्थळ कोण आणणार? दिराचं काय, त्याला तसंही कोणी मुलगी देत नव्हतं.

याचं कारण पाणी. आमच्या जिल्ह्यात माणूस कुठला हे विचारताना आधी घाटावरचा की घाटाखालचा ते विचारतात. मी घाटावरची, उंद्रीची. लग्न होऊन घाटाखाली आले, वरवट बकालजवळच्या या गावात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या खारपाण पट्ट्यात. पहिल्याच सकाळी मी चहा ठेवला आणि तो फाटला. दुसऱ्यांदा ठेवला, तोही फाटला. मी रडवेली होऊन उभी, तर सासूबाई हसून म्हणाल्या की हापशीच्या पाण्याचा दुधाचा चहा होत नसतो, पाहुण्यांसाठी विकतच्या जारचं पाणी आणतो तेच घ्यायचं. इथं डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि माठ चार दिवसांत पांढरा पडतो. पाहुणे आले की मात्र जार येतो. मला पाहायला यांची माणसं आमच्याकडे येऊन गेली, मग आमचे लोक घर पाहायला इकडे आले, तेव्हा वडिलांनी जारच्या पाण्याचा चहा पिऊन घर चांगलं आहे असं सांगितलं होतं. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही.

या पाण्यानं माणसं आजारी पडतात. सकाळी तोंड सुजतं, संध्याकाळी पाय. मग खामगाव, मग अकोला, मग यंत्रावर रक्त धुणं. गावातल्या लहान पोरालाही किडनीच्या तपासणीतला क्रिएटिनिन हा शब्द येतो. पण तो बाहेर बोलायचा नसतो. जवळच्या गावांना सगळं ठाऊक असतं, म्हणून आमच्याकडे सुना येतात त्या लांबून, जिथे हे माहीत नाही तिथून.

दिरानं आणि त्याच्या दोस्तानं आधी सरळ व्हिडिओच केला होता. दीर हापशीपाशी उभा राहून बोलतो, पांढरे पडलेले माठ दाखवतो, एवढंच. तो दोस्ताच्या चॅनलवर दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी पंचायतीतले एक वयस्कर सभासद घरी आले, चहा घेतला आणि दिराला अगदी मायेनं म्हणाले, ‘‘बाबू, गावाचं नाव घेऊन रडू नको. आधीच कोणी पोरगी देऊन नाई राह्यलं.’’ दिरानं त्यांच्यासमोरच व्हिडिओ काढून टाकला. माझ्या अंगाची आग झाली. ते गेल्यावर मी म्हटलं, माणसाला बोलू देत नसतील तर भुताला बोलू द्या. भुतानं सांगितलं तर कोणी गावाची बदनामी धरत नाही.

मी हे रागात बोलले होते, पण ते अगदीच हवेतून आलं नव्हतं. लहानपणी उंद्रीला केबलवर दुपारी भुताचे स्वस्तातले हिंदी पिच्चर लागायचे. रबराचे हात, बल्बचे डोळे, आणि दर दहा मिनिटांनी किंकाळी. माझे भाऊ हसायचे. मी घाबरायचे, पण भुताला नाही. मला नेहमी वाटायचं की या बाईचं काहीतरी राहिलंय. कारण प्रत्येक वेळी शेवटी तेच निघायचं. हवेलीवाल्यानं तिला मारलेलं असायचं, तिची जमीन खाल्लेली असायची, किंवा तिचं पोर विहिरीत टाकलेलं असायचं. गावातल्या सगळ्यांना ते माहीत असायचं आणि कोणी बोललेलं नसायचं. मग ती मरून आली की सगळे विचारायचे, बाई, तुला काय पाहिजे? जिवंत होती तेव्हा हाच प्रश्न कोणी विचारला असता तर पिच्चर पाच मिनिटांत संपला असता. असल्या भंगार पिच्चरमध्ये जे सांगून टाकतात ते चांगल्या पिच्चरमध्ये सांगायची सोय नसते, असं माझं मत आहे. भंगाराकडे कोणी नीट पाहत नाही ना, म्हणून.

तर मी गोष्ट लिहिली. गावच्या हापशीवर एक हडळ बसते. जो पाणी पितो तो सुजतो. गाव भगताला बोलावतं. भगत फटफटीवर येतो, लिंबू कापतो, धुनी करतो, कोंबडं मागतो, आणि मधेच तहान लागली की पिशवीतून स्वतःच्या घरून आणलेली पाण्याची बाटली काढून पितो. त्यावर कोणी काही बोलत नाही, कॅमेरा फक्त बाटलीवर जरा थांबतो. गावकरी हडळीला चपलांनी मारायला धावतात आणि दमले की त्याच हापशीचं पाणी पितात. शेवटी हडळ रडत सांगते, ‘‘मी कोणाले धरलं नाई. मी त पाणी भरायले आलती.’’ पिच्चरभर किडनी हा शब्द एकदाही नाही. नाव दिलं ‘खारी हडळ’. बेकरीवाल्याची जाहिरात आहे का, असं माझ्या नवऱ्यानं विचारलं. ते एसटीत वाहक आहेत, त्यांना दिवसभर प्रवाशांची उलट उत्तरं ऐकून घरी तेवढीच करमणूक.

अर्धं शूटिंग कापूस वेचणीच्या आधी झालं. मग सगळे शेतात अडकले. दिवाळीनंतर पुन्हा सुरू केलं तेव्हा मी हडळीला ब्लाउज घालायला घेतला, तर तो खांद्यात लोंबत होता आणि बाहीत जात नव्हता. माझ्या हातचा ब्लाउज. मी उन्हाळ्यात त्याच्याच मापानं शिवलेला. मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही वाळलात की फुगलात, एक काहीतरी ठरवा. तो म्हणाला कापसात काम केलं तर माणूस वाळतोच. मी बाही उसवून कापडाची पट्टी जोडली. हाताला काम मिळालं की माझं डोकं थोडा वेळ गप्प बसतं.

त्या दिवशी त्याच्या पायात घुंगरू बांधून हापशीभोवती पळण्याचं दृश्य होतं. शूटिंग संपल्यावर घुंगरू सोडले, आणि त्याच्या घोट्यावर पट्टीची खोल चर पडली होती. घट्ट बांधलं की वळ उठतो, ते मला माहीत आहे. पण वळ लाल असतो आणि भरून येतो. ही चर पांढरी होती. मी हडळीचे केस पिशवीत भरले, बांगड्या मोजून ठेवल्या, साडीची घडी घातली, आणि परत पाहिलं. चर तशीच होती. मी त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि राहिला.

सासरे गेले तेव्हा शेवटच्या वर्षी त्यांच्या पायाला मीच तेल लावायचे. त्यांच्या पायावर माझी बोटं अशीच उमटून राहायची. आमच्या घरी सासऱ्यांबद्दल एकच सांगायचं ठरलेलं आहे, त्यांना बाहेरचं होतं. सासूबाई कुठल्या कुठल्या भगतांकडे त्यांना घेऊन गेल्या. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता, आणि तरीही घरात, भावकीत, तेराव्याला, सगळीकडे बाहेरचं हाच शब्द. सासूबाईंसमोर दुसरा शब्द काढला तर त्या उठून जातात. आणि गेल्यावर दिवसभर जेवत नाहीत.

दिराला मी तिथेच सांगितलं की उद्या खामगावला जाऊन रक्त तपासा. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला वाटलं लाजला असेल; दोस्त पलीकडे सामान आवरत होता, त्यानं काही ऐकलं नव्हतं. पण दोस्ताच्या मनात वेगळंच चालू होतं. दोन दिवसांनी मी त्याच्या दुकानात संवाद तपासायला गेले तर त्यानं आनंदानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. दिवाळीआधीच्या तुकड्यात हडळ मान वर करते, तेव्हा गाल बसलेले, हनुवटी टोकदार. त्याला जोडून दिवाळीनंतरचा तुकडा. त्याच साडीत, त्याच हापशीपाशी हडळ बोलायला लागते आणि तिचं तोंड गोल झालेलं आहे, डोळे मिटत आलेले. ‘‘पाहा भाभी,’’ तो म्हणाला, ‘‘मेकअपची गरजच नाई राह्यली. हडळ बी त्याच पाण्यानं सुजून राह्यली. काय भारी दिसते!’’ चूक त्याची नव्हती. आमच्याकडे सकाळी सुजलेलं तोंड पाहायची सगळ्यांच्या डोळ्यांना सवय आहे. पडद्यावर ते भयंकर दिसलं म्हणून त्याला ते पिच्चरचं वाटलं.

मी त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. त्यानं लॅपटॉप बंद केला आणि म्हणाला की पिच्चर राहू दे. पण दीर ऐकेना. पिच्चर पूर्ण करायचा आणि तपासायचं नाही, दोन्ही त्याचंच. कारण तेवढ्यात दुसरबीडहून स्थळ आलं होतं. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाहून, तेही घाटावरचं. मुलगी बारावी झालेली, फोटोत हसरी. घर पाहायला मंडळी येणार होती.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. मुळात मी काळजी करणारी बाई. दूध ठेवलं तरी ते उतू जाईल म्हणून तिथेच उभी राहते. आता तर सकाळी दीर अंगणात दात घासायला आला की मी आधी त्याच्या डोळ्यांखाली पाहायची. जेवताना तो मीठ मागायचा आणि माझा हात थांबायचा. त्याचं डोकं दुखलं की तो वेदनेची गोळी घ्यायचा, ती किडनीला वाईट म्हणून मी डब्यातून काढून लपवून ठेवली, तर त्यानं दुकानातून आणली. नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले की पाहुणे येऊन जाऊ दे, घोडं एकदा गंगेत न्हाऊ दे. सासूबाईंना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

एकदा दिराला मी परसात एकटं गाठलं आणि स्पष्ट विचारलं की तुम्ही घाबरता कशाला. तो शांतपणे म्हणाला, ‘‘वहिनी, कागदावर आलं की संपलं. एकदा जमू द्या. मंग तुम्ही म्हणसान त्या डाक्टरकडे चालतो.’’

‘‘आणि तिचं काय?’’

‘‘कोणाचं?’’

‘‘जी येईल तिचं.’’

मला त्याची दया आली आणि त्याच वेळी त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. गावात त्याच्या वयाची कितीतरी पोरं अशी बसून आहेत. त्यांना बायको हवी, घर हवं, त्यात काय चुकलं? पण दुसरबीडची ती फोटोतली मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. तिच्यासमोरही चहा फाटणार होता आणि तीही पातेलं हातात धरून उभी राहणार होती.

पाहुणे यायच्या आठवडाभर आधी दोस्तानं पिच्चर चॅनलवर टाकला. दिराचाच हट्ट. आणि तो चालला. आमच्याच नाही, आजूबाजूच्या गावांतही चालला. पुरुषांना हडळ आवडली, सावलीवरून त्यांनी विनोद केले, शेळीला बक्षीस द्या म्हणाले, आणि हडळीचा मेकअप कोणी केला हे विचारून दोस्ताला हैराण केलं. बायकांचं वेगळं. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायका माझ्याकडे बसून मोबाइलवर तो पाहायच्या आणि भगत बाटली काढतो तिथे हसायच्या. एक जण हसता हसता डोळे पुसायला लागली. तिचा नवरा दर आठवड्याला खामगावला यंत्रावर जातो. ती एवढंच म्हणाली की तुमची हडळ खरं बोलते. मग उठली आणि पाठीला कापड जरा जास्त ठेवा म्हणून सांगून गेली. पंचायतीतल्या त्याच वयस्कर गृहस्थांनी दिराची पाठ थोपटली आणि पिच्चर मस्त झाला म्हणाले. सासूबाईंनी मात्र अर्धाच पाहिला. भगत आला तसा त्यांनी मोबाइल पालथा ठेवला आणि तांदूळ निवडायला बसल्या. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाहुणे दुपारी गाडी करून आले. मुलीचे वडील, तिचे मामा आणि एक आत्या. सकाळीच जार आला होता. चहा मीच केला, तो चांगला झाला, आणि ट्रे बाहेर नेऊन मी कोणाकडे न पाहता कप वाटले. आत्याबाईंना ते सुनेचं लाजणं वाटलं. दिरानं पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता, पायात मोजे. सकाळची सूज उतरली होती, नीट पाहणाऱ्यालाच कळली असती. नवऱ्यानं शेती सांगितली, घर दाखवलं. सगळं छान चाललं होतं.

मग मामा हसून म्हणाले की आम्ही जावईबापूंना आधीच पाहिलंय, साडीत. बोलणं पिच्चरवर गेलं. त्यांच्या घरी तो सगळ्यांनी मिळून पाहिला होता, मुलीनंही. दिराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मुलीच्या वडिलांनी विचारलं की ती हापशी इथंच कुठे आहे का, फोटो काढून पोरीला दाखवू. नाही म्हणायला काही कारण नव्हतं. हापशी घरापासून लांब नाही. आम्ही सगळे तिकडे गेलो, अगदी सासूबाईसुद्धा.

मामांनी फोटो काढले. हापशीच्या तोटीला पांढरे थर जमलेले होते, त्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. मुलीचे वडील मौजेत होते. ते म्हणाले, हडळीचं पाणी पिऊन तरी पाहू, आणि मामांना दांडा मारायला लावून त्यांनी ओंजळ धरली. पाणी आलं. ओंजळ भरली आणि तोंडाकडे गेली.

आणि दिरानं पुढे होऊन त्यांचा हात धरला.

‘‘पिऊ नका, काका.’’

‘‘काहून? हडळ धरती का?’’ ते हसले. मामाही हसले.

‘‘हडळ नाई. पाणीच खराब हाय. गावात लय माणसं गेले यानं. मले बी सूज येऊन राह्यली. पिच्चरमधी तुमाले जे दिसलं तो मेकअप नव्हता.’’

तो हे इतक्या साध्या आवाजात बोलला की क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग मुलीच्या वडिलांनी ओंजळ सोडून दिली आणि ओले हात तसेच धरून उभे राहिले. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. माझ्या नवऱ्यानं मान खाली घातली. सासूबाई हापशीच्या ओट्यावर बसल्या. मुलीच्या वडिलांनी सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. त्यांना बोलण्यात कळलं होतं की मीही घाटावरची. आरडाओरडा त्यांनी केला नाही, मला तो चालला असता.

‘‘बाई, तुम्ही तर आमच्या बाजूच्या,’’ ते म्हणाले. ‘‘मंग तुम्ही आम्हाला काहून नाही सांगितलं?’’

सकाळपासून चार वेळा ओठांवर आलं होतं आणि चार वेळा मी ते गिळलं होतं. दीरच म्हणाला, ‘‘वहिनीनं त सांगतलं होतं काका. पिच्चर वहिनीनंच लिवला.’’

त्यांनी ओले हात रुमालाला पुसले. मग हळूच म्हणाले की आम्ही तर सगळे हसलो. जाताना त्यांनी स्थळाचं काही बोलायचं टाळलं, आम्हीही विचारलं नाही. गाडीत बसायच्या आधी त्यांनी दिराच्या खांद्यावर हात ठेवला आणि आधी तपासून घ्या म्हणाले. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी मी दाराला टेकून हमसून हमसून रडले. स्थळ गेल्याचं वाईट वाटलं, आणि ती मुलगी सुटली म्हणून बरंही वाटलं, आणि आता खरंच तपासावं लागणार म्हणून भीतीही. तिन्ही एकदम.

तपासणीत काय निघालं ते सांगून टाकते, उगाच ताटकळत ठेवत नाही. क्रिएटिनिनचा आकडा वाढलेला होता. यंत्रावर जाण्याइतका नाही. गोळ्या सुरू आहेत, वेदनेच्या गोळ्या बंद, मीठ बंद, आणि दर महिन्याला रक्त. दर महिन्याला कागद हातात येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो. दोस्त नवा पिच्चर करायचा म्हणतो. दीर म्हणतो, आता भगताचं काम मी करतो.

पण मला सारखा आठवतो तो पहिला दिवस. पाहुणे गेल्यावर दुसऱ्या सकाळी आम्ही खामगावला निघालो, तर सासूबाई नेसून, हातात पिशवी घेऊन फाट्यावर आमच्या आधी उभ्या. ‘‘मी बी येतो,’’ एवढंच म्हणाल्या. बसमध्ये त्या खिडकीपाशी बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. मी मनात घाबरले होते की डॉक्टरांसमोर त्या बाहेरच्याचं काढतील, अंगारा लावतील, दिराचं मन पुन्हा फिरेल.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी दिराचे पाय दाबून पाहिले, डोळे पाहिले, मग कागद पुढे ओढून सवयीनं विचारलं की घरात आधी कोणाला हा त्रास होता का. दीर माझ्याकडे पाहू लागला. मी फरशीकडे. आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं होतं आणि ते द्यायचा मान सासूबाईंचा होता.

‘‘याच्या बापाले होती,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘किडनी.’’ मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत, डॉक्टरांकडे न पाहता, ‘‘मी त्यायले भगताकडे फिरवत राह्यलो.’’

डॉक्टरांनी मान हलवली, कागदावर लिहून घेतलं, आणि दिराला बाही वर करायला सांगितली.